सहा लिटर पाऊस

एली गाबोरीने बेचाळीस वर्षं कोन्याकच्या, म्हणजे लाकडी पिंपांत मुरवलेल्या द्राक्षाच्या दारूच्या, कोठारात काम केलं. एवढ्या वर्षांत कामावर असताना त्याने एकच घोट गिळला. बाकी जे तोंडात घेतलं ते थुंकलं, भुशाच्या टोपलीत, नेम न चुकवता. एखादा थेंब बाहेर पडला तर स्वतः फडकं घेऊन पुसायचा. दुसऱ्याचा पडला तर त्याला पुसायला लावायचा.

१९५९च्या शरदात, अठराव्या वर्षी, तो बुतिनोंच्या कोठारात लागला. त्या हिवाळ्यात भट्टीतून उतरलेल्या मालाची दोन पिंपं मालकांनी बाजूला काढली. ती वर्षाच्या नावाने राहायची, दुसऱ्या कुठल्याही वर्षात मिसळायची नाहीत. ती पिंपं लोटत शेवटच्या खोलीत नेणारा एलीच होता. त्या खोलीत सगळ्यात जुना माल असतो, म्हणून तिला सगळे ‘स्वर्ग’ म्हणतात. दोन्ही बुचांवर लाखेची सरकारी मोहोर. चव घ्यायची झाली तरी सरकारी माणूस यायचा, लाख तोडायचा, पुन्हा लावायचा. लाख शाबूत तर ते एकोणसाठ. एरवी कुणी तोडली तर ती नुसती जुनी दारू. तिचं वर्षाचं नाव गेलं.

पुढची चाळीस वर्षं ती पिंपं एलीने सांभाळली. कोळ्यांची जाळी काढू दिली नाहीत, कारण लाकूड पोखरणारे किडे कोळीच खातात. महिन्यातून एकदा बोटाची गाठ पिंपावर ठोकून आत किती उरलंय ते कानाने ओळखायचा. लाकडातून दरवर्षी थोडं उडून जातं. तो देवदूतांचा वाटा.

“देवदूतांना थुंकायला कुणी शिकवलं नाही,” एली म्हणायचा.

आता तो त्र्याऐंशीचा आहे. गावात त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक त्याच्या नाकाची. दुसरी, त्याने एकोणसाठात कोवळा माल मिसळला ही. पहिली तोंडावर सांगतात, दुसरी पाठ वळल्यावर. ही दुसरी गोष्ट पुसली जावी, एवढंच त्याला या वयात हवं होतं. पण ती पुसायची तर एक तिसरी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

ती अशी.

१९९९च्या डिसेंबरात, नाताळानंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी वादळ आलं. मालक अन्सेल्म बुतिनो सासुरवाडीला गेले होते. एली घरी सूप पीत होता. वाऱ्याचा आवाज बदलला तसा तो उठला, लाकडी खडावा पायांत घातल्या आणि पडत्या झाडांमधून किलोमीटरभर चालत कोठारावर गेला. स्वर्गाचं अर्धं छप्पर उडालं होतं. एक तुळई खाली येऊन एकोणसाठच्या दोनपैकी एका पिंपावर आदळली होती. चेस्टनटच्या फोकांची दोन कडी तुटली होती आणि ओकच्या फळ्या फाकत होत्या. दारू जमिनीवर वाहत होती.

वीज नव्हती, म्हणजे पंप नव्हता. एलीने पिंपाच्या पोटाभोवती दोरी फिरवली, तिच्यात काठी घातली आणि काठी पिळली. पीळ बसला तशा फळ्या मिटल्या. पण काठी अडकवायला कुठे जागा नव्हती. सोडली की पीळ उलगडणार, आणि पिंप सगळं उघडणार. त्याने काठीखाली उजवा खांदा दिला. डाव्या हाताने लाख फोडली, बूच काढलं, नळी आत सोडली, दुसरं टोक तोंडाने ओढलं. तेव्हा तो एक घोट गिळला गेला. थुंकायला वेळ नव्हता. मग नळी शेजारच्या तांब्याच्या मोठ्या घंगाळात टाकली.

नळी बारीक होती. तासभर लागला. तो तासभर तो काठीखाली उभा होता.

आणि वर छप्पर नव्हतं. पाऊस सरळ घंगाळात पडत होता. झाकायला ताडपत्री होती, चार पावलांवर. एलीने तासभर तिच्याकडे पाहिलं.

सकाळी त्याने सगळा माल काचेच्या सहा बुधल्यांत भरला. पिंपात नाही. लाकडात दारू बदलत राहते, काचेत जशी आहे तशी थांबते. एकशेसाठ लिटर भरली. मग काचेचा मापक दारूत बुडवून तिच्या जोराचे अंश पाहिले. हवे होते पन्नास, भरले अठ्ठेचाळीस. त्याने खडूने भिंतीवर हिशेब मांडला. सहा लिटर पाऊस. मग हिशेब बाहीने पुसला आणि बुधल्यांवर फक्त ‘ए. गा.’ लिहिलं.

मालक दोन दिवसांनी आले. पिंप पाहिलं, बुधले पाहिले.

“वरचा भाग फाकला होता,” ते म्हणाले. “खालचा तिसरा हिस्सा लाखेसकट राहिला असता. एकोणसाठ राहिलं असतं.”

“खालची कडी किड्यांनी खाल्ली होती, मालक. सगळंच गेलं असतं.”

“आणि एकट्याने एवढं वाचवलंस? दोन माणसांना न जमणारं?”

“जमलं.”

“एली, यात काही घातलंस?”

“मी काही घातलं नाही.”

मालकांनी चाखलं नाही. लाख तुटलेलं मी चाखत नाही, म्हणाले. पण मिसळायलाही दिलं नाही. बुधले कोपऱ्यात राहिले. दुसरं पिंप पावसाने बाहेरून भिजलं होतं, म्हणून फेब्रुवारीत सरकारी माणसाला बोलावून त्यातला मालही काचेत काढला आणि त्याच्यावर नवी लाख लावली. त्याचं वर्ष शाबूत राहिलं.

एलीने कोवळ्या मालाने माप भरून काढलं, ही गोष्ट गावभर कुणी केली, ते एलीला माहीत होतं. त्याच्या हाताखालचा रुलिये. आणि रुलियेने का केली, तेही माहीत होतं. रुलिये नवा असताना पाणी घालताना चुकला होता. कोन्याकचा जोर उतरवायचा तर पाणी थेंबाथेंबाने घालतात, वर्षावर्षांच्या अंतराने. त्याने एका दुपारी कॅनभर ओतलं. घाईच्या पाण्याने दारूला साबणाचा वास येतो आणि तो जात नाही. एलीने तेव्हापासून त्याला ‘साबण’ म्हटलं. मग सगळ्या गावाने म्हटलं. रुलियेच्या लग्नात पाद्रीबाबांचीसुद्धा जीभ घसरली होती.

वादळानंतर दोन वर्षांनी एली निवृत्त झाला. उजवा हात कानाच्या वर जाईना. लुसेतला, म्हणजे बायकोला, त्याने सांगितलं की सांध्यांचं आहे.

गेल्या शरदात अन्सेल्म बुतिनो वारले. यंदा एप्रिलात त्यांची मुलगी क्लोतिल्द एलीच्या दारात आली. पन्नाशीची बाई, दोन मोठ्या मुलांची आई, पण कोठारातले जुने लोक तिला अजून मामझेल म्हणतात, लग्न न झालेल्या मुलीला म्हणतात तसं. लुसेत घेवड्यात हॅमचं हाड घालत होती.

“गाबोरीबाबा,” क्लोतिल्द म्हणाली, “स्वर्ग आवरायला काढलाय. सहा बुधले आहेत, ‘ए. गा.’ लिहिलेले.”

“आहेत.”

“वडिलांनी चाखले नाहीत. मी चाखणार आहे. दुसऱ्या पिंपातल्या मालाशेजारी ठेवून. त्याची लाख तोडून सरकारी माणूस नमुना देऊन गेलाय. काही मिसळलेलं असेल तर कळेल, नसेल तरी कळेल. नाहीतर मे महिन्यात सगळं मोठ्या मिश्रणात जाईल. तुम्ही या.”

“माझं काय काम?”

“चोवीस वर्षांनी आठवण झाली होय बाईंना!” लुसेत चुलीपासून म्हणाली.

“लुसेत, गप.”

“का गप? खांदा तुझा गेला, नाव तुझं गेलं, आणि गप मी बसू? तो साबण बाजारात मला बघून सांगतो, ‘काय काकू, तुमच्या एकोणसाठाचं वय काय आता?’”

“सांधे आहेत, सांगितलं ना.”

“हो, हो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक सांधे आले.”

क्लोतिल्दने विचारलं, “रुलियेला बोलावू की नको? कोठार आता तोच बघतो. आणि नाक तुमच्यानंतर त्याचंच.”

एलीने टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा केला. रुलिये नसेल तर बाकीच्या दोघांच्या बोलण्यावर गाव विश्वास ठेवणार नाही. रुलिये असेल तर साबणाचा वास पहिला त्यालाच येईल.

“बोलाव,” तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी त्याने नुसत्या पाण्याने तोंड धुतलं. दाढी केली नाही.

“मामझेलसमोर असा जाणार?” लुसेत म्हणाली.

“साबण नको आज.”

चाखायचं ते अकराला. तेव्हा पोट रिकामं असतं आणि जीभ जागी. कोठाराच्या भिंती नेहमीसारख्या काळ्या होत्या. उडून जाणाऱ्या दारूवर जगणारी बुरशी ती. आत स्वर्गात रुलिये आधीच उभा होता, टेबलावर भुशाची टोपली मांडून. तोही आता चौसष्टचा. पोट सुटलेलं.

“बाबा, या. खुर्ची देऊ?”

“चाखायला बसतात का?”

“नाही, म्हटलं वय झालं.”

“दारूचं झालंय. माझं बघू नको.”

क्लोतिल्दने दोघांकडे पाठ फिरवून सहा पेले भरले, प्रत्येकासमोर दोन. छोटे, वर निमुळते होत जाणारे पेले. मोठ्या फुगीर पेल्यात दारू घेऊन तळहाताने ऊब देणाऱ्यांबद्दल एलीचं मत वाईट होतं. त्याच्या मते ते लोक हात गरम करायला दारू विकत घेतात. डावं कुठलं, उजवं कुठलं, ते फक्त क्लोतिल्दला माहीत होतं.

एलीने डावा पेला डाव्या हाताने उचलून उजेडात धरला. जुन्या पितळेसारखा रंग, कडेला हिरवट झाक. तिरका करून सरळ केला. काचेवरून थेंब सावकाश उतरले, जणू त्यांना कुठे पोचायची घाई नव्हती. मग पेला छातीशी धरला. तिथपर्यंत वास आला तर दारू चांगली. आला. सुकवलेल्या जर्दाळूचा. मग हनुवटीशी. तिथे जुनं चामडं, केशराची काडी. मग नाकाशी, तोंड किंचित उघडं ठेवून. इथे तो वास आला ज्यासाठी माणसं चाळीस वर्षं थांबतात. तेल सुटलेल्या अक्रोडाचा, आणि त्याच्या मागे जंगलातल्या ओल्या पानांखालच्या अळंबीचा. कोवळ्या मालात हा वास कुठल्याही युक्तीने आणता येत नाही.

चार थेंब जिभेवर घेतले. चावले. दारूही चावायची असते, घास असल्यासारखी. आधी गोडसर, मग लाकडाचा कोरडेपणा, मग दोन्ही मिटले आणि अक्रोड राहिला. थुंकल्यावर त्याने मनात मोजलं. शंभरपर्यंत गेला तरी चव होती.

“हे घर सोडून कुठे गेलं नाही,” रुलिये म्हणाला. “सरळ एकोणसाठ.”

एलीने मान हलवली.

उजवा पेला. रंग तोच, एक कणभर धूसर. छातीशी जर्दाळू. हनुवटीशी चामडं. नाकाशी अक्रोड, अळंबी, सगळं जागच्या जागी. त्याने डोळे मिटले. आणि अगदी शेवटी, सगळे निघून गेल्यावर दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखं, ते आलं. गुळगुळीत. पातळ.

क्लोतिल्दच्या कपाळाला आठी पडली होती. तिला काहीतरी लागलं होतं, पण नाव सापडत नव्हतं. रुलियेने दोनदा हुंगलं, चाखलं, थुंकलं. मग पेला हळू खाली ठेवला.

“साबण,” तो म्हणाला.

क्लोतिल्दने तोच पेला पुन्हा नाकाशी नेला.

“मामझेल, हा वास मी मेल्यावर पण ओळखेन. चाळीस वर्षं माझं नाव आहे ते.” तो एलीकडे वळला नाही. पेल्याकडे बघत सावकाश बोलत राहिला, एकेक मुद्दा बोटावर मोजत. “आता बघा. कोवळा माल टोचतो. इथे, टाळूला. मिरीसारखा. नव्या लाकडाचा वास देतो. यात टोचणं नाही, नवं लाकूड नाही. चामडं, अक्रोड, सगळं त्या पेल्यासारखंच आहे. म्हणजे दुसरी दारू यात पडलेली नाही कुठलीच.” तो थांबला. गेली चोवीस वर्षं आपण काय सांगत आलो, ते बहुतेक त्याला त्याच क्षणी ऐकू आलं. “हे पाणी आहे. घाईचं पाणी.”

“अंश दोनने कमी भरले काल,” क्लोतिल्द म्हणाली. “मला कारण कळेना.” मग तिने एलीकडे पाहिलं. “बाबा?”

एलीने फडकं घेतलं आणि टेबल पुसलं. टेबल स्वच्छ होतं.

“मी घातलं नाही,” तो म्हणाला. “पडलं.”

“म्हणजे?”

“छप्पर नव्हतं. घंगाळ उघडं होतं. ताडपत्री तिथे होती.” त्याने हनुवटीने दाखवलं. “चार पावलं. मी इथे काठीखाली होतो. सोडली असती तर पिंप गेलं असतं. तासभर पाऊस पडला. सहा लिटर.”

“मोजलंत कसं?”

“अंशावरून. त्याच सकाळी.”

“मग वडिलांना का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं होतं तुम्हाला.”

“त्यांनी विचारलं, घातलंस का. पडलं का, असं विचारलं नाही.”

“हे वकिलाचं उत्तर झालं, बाबा.”

“हो. खरं होतं आणि वाईट होतं.” त्याने फडक्याची चौकोनी घडी घातली. “या माणसाला मी एका कॅनवरून जन्मभर साबण म्हटलं. मग स्वतःला काय म्हणणार होतो?”

रुलियेचं पोट आधी हललं, मग तो मोठ्याने हसला. भिंतीला धरून हसला.

“चाळीस वर्षं देवदूतांनी नेलं,” तो म्हणाला, “आणि त्या संध्याकाळी सहा लिटर परत केलं! आणि तुम्ही ते लपवून ठेवलंत!”

“हसू नको. दारू खराब झाली.”

“खराब? बाबा, हा वास किती बारीक आहे. मामझेलला नाव सापडलं नाही. मला आणि तुम्हाला सापडलं, कारण आपण दोघंच ते गाढव.”

एलीने त्याच्याकडे पाहिलं. मग तोही किंचित हसला, खालच्या ओठाने.

क्लोतिल्दने खडू घेतला. बुधल्यावर ‘ए. गा.’च्या खाली १९५९ लिहिलं.

“असं लिहिता येत नाही,” एली म्हणाला. “लाख तुटली आहे.”

“विकणार नाही. घरात राहील. घरात मी काय लिहायचं ते मी ठरवीन.” तिने पुढे लिहिलं, ‘पावसासकट’.

“किती ते लिही,” एली म्हणाला. “नुसतं पावसासकट म्हणजे काय? सहा लिटर. एकशेसाठात सहा.”

तिने तेही लिहिलं. मग उजव्या पेल्यात आणखी थोडं ओतून त्याच्यासमोर ठेवलं आणि भुशाची टोपली पायाने बाजूला सरकवली. एलीने पेला नाकाशी धरला, तोंडात घेतला, चावला आणि गिळला. सवय नसल्याने त्याला ठसका लागला.

रुलिये आता भिंतीशी ठेवलेल्या एका रिकाम्या पिंपाकडे बघत होता.

“बाबा, एक विचारू? ती दोरी. एकट्याने पीळ कसा बसवलात? आम्ही दोघं तिघं लागतो, तेही लोखंडाच्या यंत्राने.”

“दोरी कुठाय?”

रुलियेने दोरी आणली. एलीने डाव्या हाताने दाखवलं, कुठून सुरू करायची. पोटाच्या जरा वर, खाली नाही. दोनदा फिरवायची, गाठ नाही मारायची, टोक टोकाखाली दाबायचं. काठी आडवी घालायची, आणि पीळ आपल्या बाजूला, म्हणजे वजन अंगावर येतं. रुलियेने केलं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा फळ्या करकरल्या.

“आता खांदा खाली घाल. हाताने नाही धरायची. हात दहा मिनिटं टिकतो.”

रुलियेने खांदा घातला, पाय रोवले. त्याचा चेहरा लाल झाला. क्लोतिल्द मध्ये पडायला निघाली, पण एलीने हात आडवा करून तिला थांबवलं.

थोड्या वेळाने रुलियेने पाय पुन्हा रोवले. “किती झालं?” त्याने दात आवळून विचारलं.

एलीने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

“सहा मिनिटं.”

“आणि तुम्ही?”

“अजून चोपन्न,” एली म्हणाला. “आणि पाऊस नाहीये.”